एका मशीनवर चौघं

सिंगापूरच्या मराठी मंडळींत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. मंडळाच्या स्मरणिकेत ती दोनदा छापून आली, आणि मी पुण्याला परतल्यावर एका सत्कारात माझ्यासमोर वाचूनही दाखवली गेली. ती अशी : बार्शीच्या मराठी शाळेत आम्ही चार मुलं मिळून एक पुस्तक वाचायचो, त्यावरून मला पुढे सुचलं की एका संगणकावरही चार मुलं एकत्र शिकू शकतील, आणि माझ्या या पद्धतीमुळे आफ्रिकेतल्या बऱ्याच माध्यमिक शाळांमधली मुलं इंग्रजी बोलायला आणि संगणक वापरायला शिकली.

यातली बार्शी खरी आहे. चौघांत एक पुस्तक, हेही खरं आहे. मुलं शिकली, हे बहुधा खरं असावं. पद्धत मात्र माझी नव्हती. ती टांझानियातल्या एका शिक्षिकेची होती, आणि तिच्या वर्गात ती नीट चालू असताना ती बंद पडली ती माझ्या बोलण्यामुळे. या दोन्ही गोष्टी मी आजवर कुठे सांगितल्या नाहीत. आता वय झालं. स्मरणिकेत छापलेलं माझ्यामागे राहील, म्हणून हेही लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागाजवळ एका लहान कंपनीत कामाला होतो. आम्ही इंग्रजी शिकवणारे धडे सीडीवर तयार करायचो. मुलाने कानाला हेडफोन लावायचा, आपलं नाव टाइप करायचं, ऐकायचं, पाहायचं आणि उत्तर निवडायचं. चुकलं तर तोच धडा पुन्हा, बरोबर आलं तर पुढचा. संगणक कधी पाहिलेलाच नाही अशा मुलाला माउस कसा धरायचा इथपासून शिकवण्याची सोय त्यात होती. कुठल्या मुलाने किती धडे केले, तो कुठे अडला, हे सगळं मशीन लक्षात ठेवायची. हा लक्षात ठेवण्याचा भाग मी लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. विद्यार्थी म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं : एकटा, गप्प बसलेला, आपल्या वेगाने पुढे जाणारा मुलगा. असा मुलगा मी स्वतः कधीच नव्हतो.

सिंगापूरच्या एका धर्मादाय ट्रस्टने दार-ए-सलामजवळच्या एका सरकारी माध्यमिक शाळेला खोलीभर संगणक दिले आणि त्यांवर आमचे धडे घातले. तिथल्या मुलांची अडचण मला लगेच कळली. प्राथमिक शाळा सगळी स्वाहिलीत, आणि माध्यमिकला पाऊल टाकलं की गणित, भूगोल, जीवशास्त्र, सगळंच इंग्रजीत. मी बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा माझी तीच गत झाली होती. पहिलं वर्षभर मी वर्गात नुसती मान हलवत होतो. ऑफिसात हे कुणाला माहीत नव्हतं. माझं इंग्रजी चांगलं समजलं जायचं. मी पाचगणीच्या एखाद्या शाळेतला असणार, असा एका सहकाऱ्याचा समज झाला होता, आणि मी तो तसाच राहू दिला होता.

वर्षभर धडे चालल्यावर ट्रस्टला एक निर्णय घ्यायचा होता. संगणक त्याच शाळेत ठेवायचे, की शहरातल्या एका खाजगी शाळेने मागितले होते तिला द्यायचे. त्यासाठी त्यांनी संगणकाची खोली सांभाळणाऱ्या शिक्षिकेला सिंगापूरला बोलावून घेतलं. चाळिशीच्या असाव्यात. उंच, सावकाश बोलणाऱ्या. समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायच्या, आणि त्यानंतरही थोडा वेळ. शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतो तसं आम्ही घरात त्यांना बाईच म्हणायला लागलो.

रॅफल्स प्लेसला ट्रस्टची बैठक होती, तिच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बायकोने त्यांना जेवायला बोलावलं. आमच्या शेजारचे चीफही आले. ते जहाजावर चीफ इंजिनिअर होते, मूळचे रत्नागिरीकडचे. जहाजावरून उतरले की बायको-मुलं भारतातच असल्यामुळे आमच्याकडे जेवायला असायचे. मी धडे तयार करतो म्हणून ते मला मास्तर म्हणायचे. माझी मुलगी त्यांना चीफकाका म्हणाली तेव्हा बाईंनी तिला विचारलं, हे तुझे भाऊ का? स्वाहिलीत थोरल्या भावाला काका म्हणतात, असं त्यांनी सांगितलं.

“घ्या मास्तर,” चीफ म्हणाले, “तुमच्या लेकीचा भाऊ झालो मी. म्हणजे आजपासून माझी फी तुम्ही भरायची.”

मुलगी सिंगापुरी ढंगात ‘चालेल की’ अशा अर्थाने म्हणाली, “कॅन, लाह,” आणि आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसली. बाईंना चपाती हा शब्द ओळखीचा होता. त्यांच्याकडेही चपातीच म्हणतात, पण आमची फार पातळ आहे, असं त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. बायकोने पुढच्या दोन जाड लाटल्या.

जेवणानंतर त्यांनी एक व्हिडिओ कॅसेट काढली. दुसऱ्या दिवशी बैठकीत ती दाखवायची होती, आणि त्याआधी मी ती पाहावी अशी त्यांची इच्छा होती.

एका संगणकासमोर चार मुलं. सगळ्या खोलीत तसंच. हेडफोन भिंतीवर खिळ्यांना टांगलेले होते आणि आवाज उघडा होता. एकाच्या हातात माउस. दुसऱ्याने वाक्य मोठ्याने वाचायचं. तिसऱ्याचं काम फक्त ‘का’ असं विचारण्याचं. चौथ्याने झालेलं सगळं मागच्या बाकाला स्वाहिलीत समजावून सांगायचं. धडा बदलला की जागा बदलायच्या. बाईंचा नियम एकच होता : बाकीचे तिघं इंग्रजीत ‘हो’ म्हणेपर्यंत माउसवाल्याने बटण दाबायचं नाही. आणि त्या हुज्जतीत ज्याच्या तोंडून स्वाहिली निघेल त्याची माउसची पाळी जायची.

एका धड्यात धक्क्याला लागलेल्या बोटीचं चित्र होतं. बोट सुटायच्या बेतात आहे की सुटली आहे, यातलं एक निवडायचं. एक मुलगा सुटली म्हणत होता, कारण धक्क्यावर कुणी माणसं नव्हती. एक बारीक मुलगी ते मानेना. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि तुटक्यातुटक्या इंग्रजीत सांगितलं की दोर अजून बांधलेला आहे. त्यावर मुलगा म्हणाला, दोर चित्र काढणाऱ्याने चुकून ठेवला असेल. मुलीने विचारलं, का. वाद लांबत गेला. मध्येच वीज गेली आणि सगळे पडदे काळे झाले. कॅमेरा बॅटरीवर होता, तो चालूच राहिला. मुलंही थांबली नाहीत. अंधाऱ्या पडद्यासमोर बोटीवरची हुज्जत चालू होती, इंग्रजीत.

“पोरगी बरोबर आहे,” चीफ म्हणाले. “दोर बांधलेला असताना कुठली बोट सुटते?”

बायको माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “अहो, हे अगदी तुमच्या शाळेसारखं आहे. एक वाचायचा आणि बाकीचे भांडायचे, असं तुम्हीच सांगता ना?” आणि मी काही बोलायच्या आत ती बाईंना इंग्रजीत म्हणाली की हेसुद्धा असंच शिकले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तसं नाही, ते थोडं वेगळं होतं.

वेगळं नव्हतं. फरक इतकाच होता की आम्ही ओरडायचो ते इंग्रजी आमच्या गुरुजींनाही बेताचंच येत होतं, आणि त्याची लाज मी सिंगापूरपर्यंत सोबत आणली होती.

निघताना लिफ्टजवळ बाईंनी मला थांबवलं. त्यांनी सगळा हिशेब करून ठेवला होता. मशीनच्या नोंदीत त्यांच्या वर्गातल्या जेमतेम पाव मुलांची नावं दिसणार होती, कारण चौघांत नाव टाइप करणारा एकच. ट्रस्टला वाटणार, बाकीची मुलं धड्यांपर्यंत पोहोचलीच नाहीत. त्या म्हणाल्या, “मी सांगायला गेले तर मी माझी चूक झाकते आहे असं त्यांना वाटेल. धडे तुम्ही केलेत. तुम्ही म्हणालात की असं शिकवणं चालतं, तर चालेल. खोली राहील.”

मी म्हणालो, मी बोलेन.

बैठक एका बँकेच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. ट्रस्टचे तीन लोक, आमची संचालिका, बाई आणि मी. प्रमुख एक निवृत्त बँकर होते, सभ्य आणि थोडे थकलेले. आधी नोंदी पाहिल्या गेल्या. त्यांनी विचारलं, बाकीची मुलं काय करत होती? बाईंनी कॅसेट लावायला सांगितली. टेपमधली वीज जाईपर्यंत त्यांनी ती पाहिली, मग हात वर करून बंद करायला लावली. संगणकांचे पडदे काळे झाल्यावर आता पाहण्यासारखं काही उरलं नाही, असंच त्यांना वाटलं असणार. पुढचं त्यांनी पाहिलंच नाही, आणि पाहा असं मीही म्हणालो नाही.

ते माझ्याकडे वळले. म्हणाले, हे धडे तुम्ही बनवलेत, तुम्हीच सांगा. यात मुलं शिकताहेत का?

“ही घोकंपट्टी आहे,” मी म्हणालो. “कार्यक्रम अशा वापरासाठी केलेला नाही.”

इंग्रजीत मी जो शब्द वापरला तो घोकंपट्टीपेक्षा थोडा सौम्य होता, पण अर्थ तोच. खोलीत कुणाला धक्का बसला नाही. संचालिकेने मान डोलावली. बाई माझ्याकडे पाहत होत्या आणि त्या तशाच पाहत राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांत संगणक खाजगी शाळेकडे द्यायचं ठरलं. त्या शाळेतली मुलं घरीही इंग्रजी बोलायची. त्यांना हेडफोन लावून गप्प बसायला काहीच अडचण येणार नव्हती.

मी तसं का म्हणालो, याचा मी बराच विचार केला आहे. माझ्या नोंदी चुकीचं चित्र दाखवतात हे मान्य करावं लागलं असतं, हे एक कारण. पण ते मुख्य नव्हतं. प्रश्न ऐकताक्षणी मला वाटलं की मी ‘हो, असं शिकता येतं’ म्हणालो तर पुढचा प्रश्न येईल : तुम्हाला कसं माहीत? त्या टेबलावर मला बार्शी नको होती. बस, एवढंच.

खाली उतरल्यावर बाईंना मुलांसाठी जुनी इंग्रजी पुस्तकं घ्यायची होती, म्हणून मी त्यांना ब्रास बासाच्या पुस्तकांच्या दुकानांत घेऊन गेलो. त्या एकेक पुस्तक उघडून वाचत, चित्रं पाहत, परत ठेवत. बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही. मीच म्हणालो की ट्रस्टचे नियम कडक असतात, माझा नाइलाज झाला.

हातातलं पुस्तक बंद करून त्या म्हणाल्या, “माझ्या बाजूने बोलला नाहीत, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही बोललात ते खोटं होतं, आणि ते तुम्हाला माहीत होतं.”

 त्या पैसे द्यायला काउंटरकडे गेल्या. पिशव्या जड होत्या. मी त्या टॅक्सीपर्यंत नेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

इथवर जे झालं ते भ्याडपणाचं होतं. पुढचं भ्याडपणाचं नाही, आणि म्हणून ते सांगायला मला अधिक जड जातं.

साधारण दीड-दोन वर्षांनी आमच्या कंपनीचं काम मंदावलं. सिंगापूरच्या शाळांना आमच्यापेक्षा चांगले धडे मिळत होते. ज्यांना आमचे हवे होते त्या शाळा घाना, केनिया, झांबिया अशा देशांतल्या, आणि तिथे चाळीस मुलांमागे आठ-दहा मशीन. संचालिकेने विचारलं, कुणाला काही सुचतंय का. मी हात वर केला. मी म्हणालो, एका मशीनवर चार मुलांची नावं घेऊ. चौघांना कीबोर्डवरच्या चार वेगळ्या कळा देऊ. चौघांनी आपापली कळ दाबल्याशिवाय उत्तर स्वीकारायचं नाही, म्हणजे त्यांना आपसांत बोलावंच लागेल. आणि प्रत्येक धड्याला कामं बदलू.

सगळे एकदम बोलायला लागले. संचालिकेला ते फार आवडलं. तिने विचारलं, हे सुचलं कसं?

मी म्हणालो, मी लहान गावातल्या मराठी शाळेत शिकलो, तिथे आम्ही असंच शिकायचो.

त्या बैठकीतली ती दार-ए-सलामची टेप मला आठवली नाही असं नाही. ती मला आठवत होती. संचालिकेलाही आठवली असती, पण तिने त्या दिवशी ती पाहताना घड्याळाकडे जास्त पाहिलं होतं. जी गोष्ट मी ऑफिसात लपवून ठेवत होतो तीच आता माझ्या नावावर जमा झाली. माहितीपत्रकात माझा फोटो आला, खाली एका ओळीत माझ्या शाळेचा उल्लेख. मला बढती मिळाली. परदेशी पाहुणे आले की मला बोलावून चार मुलं आणि एक पुस्तक ही गोष्ट सांगायला लावत, आणि मी सांगायचो. हळूहळू मी ती चांगली सांगायला लागलो. मंडळाने ती ऐकली आणि छापली.

बायकोने स्मरणिका वाचली. ती म्हणाली, “यात त्या बाई कुठे आहेत?” मी म्हणालो, जागा कमी होती. तिने स्मरणिका घडी घालून टेबलावर ठेवली. त्यानंतर तिने हा विषय पुन्हा कधी काढला नाही. ती जाऊन आता काही वर्षं झाली.

नवा कार्यक्रम बाहेर पडला त्याच सुमाराला चीफचं जहाज पूर्व आफ्रिकेकडे निघालं. दार-ए-सलामला माल उतरवायला काही दिवस थांबणार होतं. मी चीफना एक सीडी दिली आणि शाळेचा पत्ता दिला. बाईंना नेऊन द्या, एवढंच म्हणालो. बरोबर निरोप काही दिला नाही. काय द्यावा ते सुचलं नाही, आणि जे सुचलं ते दुसऱ्याच्या तोंडून सांगण्यासारखं नव्हतं.

चीफ परत आले ते पावसाळी वारा सुरू झाला तेव्हा. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. शाळा सापडायला वेळ लागला, पण बाईंना परिसरात सगळे ओळखत होते. संगणकाच्या खोलीत आता शिवणाचा वर्ग भरायचा. भिंतीवरचे खिळे तसेच होते. बाईंनी चीफना चहा दिला, मुलांसमोर उभं करून जहाजाबद्दल इंग्रजीत बोलायला लावलं, आणि मुलांना ‘का’ विचारायला लावलं. “मला बोलता येईना मास्तर. इंजिन गरम का होतं, हे एका पोराने चार वेळा विचारलं,” चीफ म्हणाले.

मग त्यांनी सीडीचं सांगितलं. बाईंनी डबी उघडली, आतला कागद सावकाश पूर्ण वाचला. चार नावं, चार कळा, माझा फोटो, माझी शाळा. वाचून झाल्यावर कागद परत आत ठेवला.

“काही म्हणाल्या?” मी विचारलं.

“विचारलं फक्त. म्हणाल्या, ही कुठल्या मशीनमध्ये घालू?” चीफनी भात कालवला. “मला वाटलं थट्टा करताहेत. पण नाही. त्या खरंच विचारत होत्या. त्यांना वाटलं, सीडी आली म्हणजे मागून मशीन येत असणार. म्हणाल्या, परीक्षेचा वर्ग जायच्या आत आली तर बरं. मी काय उत्तर देणार होतो?”

ते वर्ष असं होतं की सिंगापूरची ऑफिसं जुने संगणक ढिगाने बाहेर काढत होती. आमच्याच कंपनीच्या मागच्या जिन्याखाली चालू स्थितीतल्या दहा-बारा मशीन उभ्या होत्या आणि भंगारवाल्याची वाट पाहत होत्या. संचालिकेकडे मागितल्या असत्या तर तिने दिल्या असत्या. चीफनी नेण्याची व्यवस्थाही लावली असती, ते तसं म्हणालेही. मी मागितल्या नाहीत. मागितल्या असत्या तर तिने विचारलं असतं, त्याच शाळेला का? तिथून तर आपण काढून घेतल्या होत्या ना? आणि त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं.

मी चीफना म्हणालो, बघू. त्यांनी मान हलवली आणि ताटातला भात संपवला. पुढच्या महिन्यात जिन्याखालच्या मशीन गेल्या. चीफ पुन्हा एकदा दार-ए-सलामला जाऊन आले, पण त्या वेळी शाळेकडे गेले नाहीत. जाऊन सांगायचं काय, असं म्हणाले.

एका मशीनवर चौघांना बसवायचं, तिघं इंग्रजीत ‘हो’ म्हणेपर्यंत बटण दाबायचं नाही, आणि ‘का’ विचारणं हेच एकाचं काम, हे त्या बाईंनी शोधलं. माझ्या शाळेत आम्ही भांडायचो, पण ‘का’ विचारण्याचं काम कुणाला दिलेलं नव्हतं. तो भाग त्यांचा होता, आणि सगळं त्यावरच चालत होतं. बाकीच्या देशांतल्या शाळांनी तो वापरला. ज्या मुलांसाठी त्यांनी तो शोधला, त्यांच्यानंतरच्या मुलांना त्यासाठी मशीन मिळाली नाही.